मनकर्णाचं वावर

मित्रांनो, फाटक्या छत्रीला, मोडक्या खुर्चीला, आटलेल्या विहिरीलासुद्धा तुम्ही निबंधाच्या वहीत बोलायला लावता. गच्चीला मात्र कोणी काही विचारत नाही. तिच्यावर पापड वाळवायचे, उन्हाळ्यात अंथरूण टाकायचं, की झालं. म्हणून आज मीच तोंड उघडते. मी एक जुनी गच्ची आहे. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकडून आमच्या वस्तीत शिरलात की डाव्या हाताची तिसरी खोली लागते, तिच्या डोक्यावर मी. बारा फूट रुंद, सोळा फूट लांब. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटायला नको. माझ्या हातून एक माणूस गेलेला आहे.

माझा जन्म एकोणीसशे बासष्टचा. मला घडवणारा देवाजी सेंट्रिंगचं काम करायचा. फळ्या ठोकायच्या, सळया बांधायच्या, वर काँक्रीट ओतायचं. शहरातल्या सदर भागातल्या कितीतरी दुकानांचे स्लॅब त्याच्या हातचे होते. छप्पन साली त्याने आणि त्याच्या बायकोने, मनकर्णाने, धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं, की दुसऱ्यांची घरं पक्की करणाऱ्याचं स्वतःचंही घर पक्कं पाहिजे. वस्तीत तेव्हा सगळी कवेलूची, म्हणजे कौलांची घरं. देवाजीने आपल्या खोलीचे कवेलू उतरवून मागच्या भिंतीला रचून ठेवले आणि स्लॅबचा दिवस ठरवला. त्या दिवशी निम्मी वस्ती रांगेत उभी राहून घमेली वर चढवत होती. मनकर्णा मात्र कुरकुरत होती.

"कवेलू काय वाईट होते? हवा तरी खेळत होती."

"स्लॅब हाय वं, स्लॅब!" देवाजी वरून ओरडला. "साहेबाच्या घरावर राह्यते तसा. पाह्यजो तू."

लोकांनी त्याचं नावच 'स्लॅबवाले देवाजी' ठेवलं. तो छाती काढून चालायचा आणि मीही मनातून फुगले होते. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून एकवीस दिवस माझ्यावर मातीची आळी बांधून पाणी साठवून ठेवलं होतं. आयुष्यातले माझे थंड दिवस म्हणाल तर तेवढेच.

मग मे महिना आला. नागपूरचा मे महिना मी तुम्हाला काय सांगू! कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जाते. माझ्यात फट नव्हती, आणि देवाजीला नेमका त्याचाच अभिमान होता. मी दिवसभर ऊन पिऊन घ्यायची आणि सारं खालच्या खोलीत सोडायची. शेजारपाजारची माणसं दुपारी कडुनिंबाखाली जाऊन बसत. देवाजी जायचा नाही. स्वतःच्या स्लॅबखाली उकडतं हे कबूल करायचं कसं? दोन उन्हाळे त्याने घाम पुसत पुसत काढले.

पासष्टच्या मे महिन्यात एका दुपारी तो सदरमधलं काम अर्धं टाकून सायकलने घरी आला. डोकं ठणकत होतं. मनकर्णा पाच वर्षांच्या लेकीला, प्रेमिलाला, घेऊन नळावर गेली होती. बाहेर झळा होत्या, म्हणून त्याने दार आतून ओढून घेतलं आणि माझ्याखाली आडवा झाला. नळाची रांग लांब होती. मनकर्णा परतली तेव्हा तो काहीबाही बरळत होता. तिने कांदा फोडून तळपायांना चोळला, कैरीचं पन्हं तोंडात घातलं. दिवे लागायच्या आत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, लू लागली, उष्माघात. वस्तीही तेच म्हणाली. माझं नाव कोणी घेतलं नाही.

मनकर्णाने घेतलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती शिडी चढून अनवाणी वर आली आणि माझ्या मधोमध उभी राहिली. तळव्यांना फोड येईपर्यंत हलली नाही.

"जीव घेतला वं तू," ती मला म्हणाली. "आता माह्या पोरीले हात लावशीन तं पाह्यजो."

सिमेंटला लाज वाटत नाही अशी तुमची समजूत असेल तर ती काढून टाका. मला तेव्हा दुभंगावंसं वाटत होतं, पण देवाजीने सळया फार चांगल्या बांधल्या होत्या.

मला फोडून पुन्हा कवेलू घालणं तिच्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. सेंट्रिंगवाल्याची बायको असल्यामुळे एवढं मात्र तिला ठाऊक होतं, की ऊन माझ्यापर्यंत पोचू द्यायचं नसेल तर मध्ये काहीतरी घालायला हवं. तिने भिंतीला रचलेले ते जुने कवेलू फोडले आणि पाणी वाहून जावं म्हणून त्यांच्या तुकड्यांचा थर माझ्यावर पसरला. उन्हाने तलावाचा काठ भेगाळला होता. तिथला काळा गाळ घमेल्याने डोक्यावरून आणून तिने त्या थरावर टाकला. सकाळी बिड्या वळायच्या, संध्याकाळी माती वाहायची. महिनाभरात चार बोटं माती झाली.

शेजारच्या कांताबाईला हसू आवरेना. "घरावर वावर करून राहिली काय वं मनकर्णा? पाटलीण झाली!"

वावर म्हणजे शेत. मनकर्णाच्या माहेरी, उमरेडकडे, कोणाच्याच नावावर कधी वीतभर वावर नव्हतं. सातव्या वर्षापासून ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची, म्हणजे पिकातलं तण उपटायला. त्यामुळे कांताबाईचा टोमणा झोंबणारा होता. पण मनकर्णाने तो हसून घेतला, आणि 'मनकर्णाचं वावर' हे माझं नाव वस्तीत कायमचं पडलं.

पावसाळ्यात तिने माझ्यावर मेथी आणि सांबार पेरला. तुम्ही त्याला कोथिंबीर म्हणत असाल. तलावाच्या गाळातून आलेलं तणही उगवलं, ते ती रोज संध्याकाळी उपटून काढी. हातांना सवयच होती, ते डोक्याला विचारायला थांबत नसत. पण आठ दिवस पावसाने दडी मारली, की तेवढ्याशा मातीत मेथी माना टाकायची. भादव्यात मनकर्णाला हिवताप आला आणि तीन आठवडे तिला शिडी चढता आली नाही. मेथी गेली, सांबारही गेला. तण मात्र मोकळं सुटलं.

आश्विनातल्या एका रणरणत्या दुपारी प्रेमिला शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आई, घर थंडं काहून लागून राहिलं वं?"

मनकर्णा भिंत धरून उठली आणि कशीबशी वर आली. माझ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कुर्डूचे गुलाबी तुरे, तरोट्याची पिवळी फुलं, केन्याची निळी, आणि जमिनीलगत शंखपुष्पी. वाऱ्याबरोबर खुळखुळ्याच्या शेंगा वाजत होत्या. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्याने हसली.

"बाप्पा! ह्या तं साऱ्या माह्या वैरिणी हायत. जलमभर उपटलं यायले, अन् याच माह्या पोरीले सावली देऊन राहिल्या!"

त्यानंतर तिने माझ्यावर एक काडी उपटली नाही. उलट सुट्टीच्या दिवशी शहराबाहेरच्या शेतांच्या बांधांवरून ती निरनिराळं बी पदरात बांधून आणायची. "बाई, डोकं ठिकाणावर हाय नं?" असं एका शेतकऱ्याने तिला विचारलंसुद्धा. तो जे तण जाळत होता, त्याचंच बी ही बाई मागायला आली होती.

माझं खरं काम उन्हाळ्यात असे. होळीनंतर सगळं वाळून जायचं. मला बघून कोणीही उकिरडाच म्हटलं असतं. पण त्या वाळक्या काड्या ऊन आपल्या अंगावर घेत, गळलेला पाला मातीला झाकून ठेवी, आणि खाली पुढच्या वर्षाचं बी पडून असे. मनकर्णा त्या पसाऱ्याला कोणाला हात लावू द्यायची नाही. कांताबाईने एकदा चुलीसाठी काड्या मागितल्या तर तिला शिडीवरूनच परत पाठवलं. तीच कांताबाई पुढे दर मे महिन्यात आपल्या म्हाताऱ्या सासूला चटईसकट आमच्या खोलीत आणून निजवायची. टोमणे बंद झाले. पासष्टनंतर माझ्याखाली कोणाला साधी भोवळसुद्धा आली नाही. मी माझा गुन्हा फेडते आहे असं मला वाटू लागलं होतं.

आणि माझ्याकडे कोण कोण यायचं! पिवळी फुलपाखरं तरोट्याच्या पानांवर अंडी घालत. खुळखुळ्यावर केशरी पंखांची फुलपाखरं तासन् तास चिकटून बसत. कुर्डूचं बी टिपायला मुनियांचे थवे उतरत. शहरात त्यांना टेकायला जागा कमी होत चालली होती हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, सगळ्याच गच्च्यांवर असं असतं.

प्रेमिला कॉलेजात गेली. तिथे वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या चारुशीलाबाईंना तिने माझ्यावरची शंखपुष्पी नेऊन दाखवली, आणि त्या बाई साडी खोचून शिडी चढून आल्या. दिवसभर बसून त्यांनी एकेचाळीस जातींची झाडं मोजली.

"सगळी इथलीच, आपल्या मातीतली," त्या म्हणाल्या. "मनकर्णाबाई, हे कुठे शिकलात तुम्ही?"

"निंदून निंदून शिकली बाई. जे उपटा लागते ते आधी ओळखा लागते."

चारुशीलाबाईंनी पेपरात लेख दिला. छापणाऱ्यांनी फोटोखाली लिहिलं, 'एका विद्यार्थिनीच्या घरची रानफुलांची गच्ची'. मनकर्णाने तो प्रेमिलाकडून दोनदा वाचून घेतला.

"माह्यं नाव कुठं हाय?"

"आई, विद्यार्थिनीचं घर म्हणजे तुह्यंच घर नं."

"हो काय," असं म्हणून ती बिड्या वळायला बसली.

एक्याऐंशी साली शहर सुंदर करायला निघालेल्या एका संस्थेने मनकर्णाचा सत्कार ठरवला. दिवस ठरला पाच जून, कारण त्या दिवशी पर्यावरण दिन असतो. चारुशीलाबाईंनी कळवलं, की सप्टेंबरात या, तेव्हा बघण्यासारखं असतं. पण संस्थेची कार्डं छापून झाली होती. रानफुलं काही संस्थेचं कार्ड बघून फुलत नाहीत.

मनकर्णा भाचीच्या लग्नाला उमरेडकडे गेली होती, ती पाच तारखेलाच सकाळी परतणार होती. घरी एकटी प्रेमिला होती. ती आता सदरच्या एका ऑफिसात कारकून होती. एकदा वस्तीचं नाव ऐकून तिथली एक बाई म्हणाली होती, "तिकडे घाण फार असते ना गं?" प्रेमिलाही तेव्हा इतरांबरोबर हसली होती, आणि रात्री जेवली नव्हती. आता तसलीच माणसं शिडी चढून वर येणार होती, आणि वर वाळकी काडी, सडका पाला, गोळा झालेली धूळ. आई तो पसारा का राखते हे प्रेमिलाने कधी विचारलं नव्हतं; पाऊस पडला की सगळं आपोआप उगवतं, एवढंच तिला ठाऊक होतं. ज्यांच्या घराला पिढ्यान् पिढ्या लोकांनी घाण म्हटलं, त्यांच्या पोरीने पाहुणे यायच्या आधी झाडू हातात घेतला. मित्रांनो, तिचं चुकलं का? मी आजवर ठरवू शकले नाही.

दोन दिवस ती राबली. आईकडून शिकलेल्या हाताने तिने एकेक खुंट खुरप्याने मुळासकट काढला. पाला झाडला, वरची माती खरवडली, चौदा पोती भरली आणि वस्तीमागच्या मैदानात, जिथे कचरा जाळतात, तिथे नेऊन टाकली. कठड्याला चुना मारला. नर्सरीतून क्रोटनच्या आणि गुलाबाच्या कुंड्या आणून ओळीने मांडल्या. काम करताना ती गुणगुणत होती. आईला शाल मिळणार याचा तिला खरोखर आनंद झाला होता. मी ओरडत होते, पण गच्चीचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

पाच तारखेला सकाळच्या एस.टी.ने मनकर्णा आली. प्रेमिलाने तिला हात धरूनच वर आणलं.

"आई, पाह्य! कसं झालं वं? सारं साफ केलं, एकटीनं!"

मनकर्णाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पोरीचे हात उलटे करून पाहिले. तळव्यांवर खुरप्याचे फोड होते.

"चांगलं केलं बाई," ती म्हणाली.

पाहुणे आले. "वा, किती स्वच्छता!" असं म्हणून अध्यक्षांनी क्रोटनचं कौतुक केलं. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. मग चहाला सगळे खाली खोलीत बसले. दोन मिनिटांत रुमाल बाहेर निघाले. "फार उकडतं हो इथे," अध्यक्ष म्हणाले आणि कप अर्धा ठेवून उठले. सोळा वर्षांनी मी पुन्हा तापले होते.

चारुशीलाबाई सगळ्यात उशिरा आल्या. वर जाऊन आल्या आणि प्रेमिलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काड्या कुठे गेल्या गं?"

"कचरा होता बाई तो. फेकला."

"बी त्यातच होतं, प्रेमिला."

तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. ती नव्या साडीनिशी मैदानाकडे पळाली. कचरा आदल्या दिवशीच पेटवून झाला होता. परतली तेव्हा कोपरापर्यंत राख लागलेली होती. मनकर्णा मोरीत पाहुण्यांचे कप धूत होती.

"आई, तू सकाळीच काहून नाही सांगितलं मले?"

"सांगून काय झालं असतं? जळालेलं उगवते काय?" मनकर्णाने कप उपडा घातला. "अन् तू एवढी खूश होती. कशी सांगू?"

प्रेमिला तिथेच ओल्या फरशीवर बसून रडली. मनकर्णाने तिच्या हातांची राख धुऊन काढली. ती रागावली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

मायलेकी पुन्हा बी आणायला निघाल्या. पण जिथून मनकर्णा पदर भरून आणायची तिथे आता प्लॉटच्या खुंट्या ठोकल्या होत्या, मुरमाचे रस्ते पडले होते. उमरेड रोडला तेच, मनीषनगरच्या अंगालाही तेच. मूठभर तरोटा मिळाला. त्या पावसाळ्यात माझ्यावर जे उगवलं ते वेगळंच होतं. नर्सरीच्या कुंड्यांतल्या मातीतून गाजर गवत आलं होतं. ते कुठून कुठून परदेशातून आलेलं, असं चारुशीलाबाई म्हणाल्या. बारीक पांढरी फुलं, आणि खायला ना बकरी ना अळी. बघता बघता त्याने मला व्यापून टाकलं. मूठभर तरोटा त्याखाली कुठे गेला कळलं नाही. फुलपाखरं आली, घिरट्या घालून निघून गेली. मुनिया दोन वर्षं येत राहिल्या, मग त्याही यायच्या थांबल्या.

मनकर्णा ते गवत उपटायची. साठीच्या आसपासची बाई, उकिडवी बसून, जन्मभर जे केलं तेच पुन्हा करत होती, फक्त या वेळी स्वतःच्या वावरात. गवताने हातांना खाज सुटे, कातडी सोलून निघे. ती फडकं गुंडाळून पुन्हा वर येई. दोन पावसाळे ती लढली. मग गुडघे बसले, शिडी सुटली, आणि माझ्यावरची माती पाण्याबरोबर पन्हाळातून थोडी थोडी वाहून गेली.

प्रेमिलाने मोठा कूलर आणला. मनकर्णाने त्याला हात लावला नाही. उन्हाळ्यात सकाळी अकरा वाजले की ती आपली चटई काखेत मारून कांताबाईच्या ओसरीत, कवेलूखाली जाऊन पडायची, ती ऊन कलल्यावरच परत यायची. जाताना एकदा वर माझ्याकडे बघायची. चौऱ्याऐंशीच्या पौषात ती खोकल्याने गेली. थंडीत गेली, म्हणजे माझ्या हातून गेली नाही. तिने मला ती संधीच दिली नाही.

प्रेमिला आता मनीषनगरला राहते. खोली तिने भाड्याने दिली आहे. वर्षातून एकदा येते, वर न चढता खालूनच बघते आणि जाते. माझ्याखाली सध्या एक तरुण जोडपं आहे, आणि त्यांची चार महिन्यांची मुलगी. मुलीच्या मानेवर, पाठीवर घामोळ्या उठल्या आहेत. तिची आई पुठ्ठ्याने वारा घालत असते, आणि हात दुखला की थांबते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. कोणाच्या गच्चीवर, कुंपणाशी, रस्त्याच्या कडेला काही वाळकं उभं दिसलं तर झाडू उचलण्याआधी ते कोणी राखलं आहे त्याला विचारा. ती बाई शिकलेली नसेल, तिचं नाव कुठे छापलेलं नसेल, तरी तिलाच विचारा. विचारायला ती उरली नसेल तर हात आवरा. मला चार बोटं माती हवी आहे. ती कोणी आणून टाकील असं मला आता वाटत नाही. पण आज मे महिन्याची वीस तारीख आहे, बारा वाजत आले आहेत, आणि त्या बाईने बाळाला आताच खोलीत निजवलं आहे. तिला कोणीतरी जाऊन सांगा, की लेकराला उचल आणि झाडाखाली ने. मला सांगता येत नाही. मला फक्त तापता येतं.